यंत्रांचे कारभारी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या कारकुनांनी आणि फडणिसांनी त्या राज्यांचा गाडा रोजच्या रोज हाकला, ज्यांच्या रोजकीर्दीवाचून फौजेला दाणावैरणही मिळाली नसती, त्यांची आठवण सहसा कोणाला होत नाही. गणकयंत्रांच्या इतिहासाचीही हीच गत आहे. यंत्र कोणी बांधले, कोणी सुधारले, हे ग्रंथांतून वाचावयास मिळते. पण बसविलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते कोणी ठेवले, ते बंद पडू नये म्हणून कोणते नियम घातले गेले आणि ते नियम कोणत्या प्रसंगातून सुचले, ह्याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हे कारभारी आणि त्यांची शिस्त हा आहे.

विषय दूरचा वाटला तरी तो तसा नाही. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारे गणकयंत्र. आपले बँकेतील खाते, रेल्वेचे आरक्षण, सातबाऱ्याचा उतारा, विजेचे बिल ह्या साऱ्यांच्या नोंदी आज अशाच यंत्रांच्या पोटात असतात. ती चालू आहेत तोवर आपल्याला त्यांची जाणीवही होत नाही. १९ जुलै २०२४ रोजी मात्र ती साऱ्या जगाला झाली. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांच्या रक्षणासाठी एक नवी फाइल पाठविली. ती सदोष निघाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे ठप्प झाली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. ही यंत्रे सांभाळतो तरी कोण, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांना प्रथमच पडला असेल.

ती सांभाळणाऱ्यास इंग्रजीत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी कारभारी म्हणू. त्याच्या कामाचे काही नियम आता जगभर रूढ झाले आहेत. प्रत्येक बदल लिहून ठेवावा. अधिकार कामापुरताच द्यावा. नक्कल ठेवावी आणि ती वेळोवेळी उघडून पाहावी. मोठा बदल टप्प्याटप्प्याने करावा. अपघात झाला की माणूस शोधण्याआधी कारण शोधावे. हे नियम इतके साधे आहेत की ते सांगावयास विद्वान कशाला हवा, असे कोणीही म्हणेल. परंतु ह्यांतील बहुतेक नियमांच्या मागे एखादी ठेच आहे, आणि ठेच लागल्यावरही नियम अंगवळणी पडावयास वर्षे गेली आहेत. त्या ठेचांची हकीकत हाच ह्या विद्येचा खरा इतिहास होय.

दोरीवरच्या फिती

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स ह्यांनी बांधलेले एड्सॅक हे यंत्र ६ मे १९४९ रोजी पहिले गणित सोडवून मोकळे झाले. त्या काळी काम यंत्राला द्यावयाचे ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. संशोधक आपापल्या फिती आणून देत. त्या कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारख्या दोरीवर क्रमाने टांगल्या जात आणि यंत्र चालविणारा एकेक फीत काढून यंत्राला भरवी. भारतातही हाच काळ थोड्या उशिराने आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले यंत्र १९६० साली कामास लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले.

ह्या पहिल्या पिढीतील व्यवस्थेत एक मोठे सुख होते. यंत्रावर एका वेळी एकाचेच काम चाले. एखाद्याची फीत चुकली तर नुकसान त्याचे एकट्याचे होई; दुसऱ्याच्या कामाला धक्का लागत नसे. कारभार हा शब्द वापरावा इतका गुंता अद्याप झालाच नव्हता.

गुंता झाला तो एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागले तेव्हा. अमेरिकेत एम.आय.टी. ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशी पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली. प्रत्येकाचे दप्तर वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. ह्या गुप्त शब्दांची यादी अर्थातच यंत्रातच ठेवलेली होती. १९६६ साली एके दिवशी असे झाले की, यंत्रावर कामास बसणाऱ्या प्रत्येकाला नेहमीच्या दैनिक सूचनेऐवजी सर्वांच्या गुप्त शब्दांची संपूर्ण यादीच छापून मिळू लागली!

ह्यात चोर कोणी नव्हता. मजकूर दुरुस्त करण्याची जी सोय होती ती काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करी, आणि त्या फाइलचे नाव नेहमी एकच असे. एका दप्तरात एका वेळी एकानेच दुरुस्ती करावी असा मूळ निर्बंध होता, म्हणून एकच नाव पुरत असे. पुढे यंत्र सांभाळणाऱ्या मंडळींना एकाच दप्तरात अनेकांनी काम करण्याची गरज पडू लागली, म्हणून त्यांच्यापुरता तो निर्बंध सैल करण्यात आला. त्या दिवशी एक जण दैनिक सूचना दुरुस्त करीत होता आणि दुसरा गुप्त शब्दांची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि यादी सूचनेच्या जागी जाऊन बसली. दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे पाहिले तर शहाणपणाचेच होते. पहिला निर्णय ज्या अटीवर उभा होता ती अट दुसऱ्याने काढून घेतली, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पुढे कॉर्बातो ह्यांना १९९० सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला. आपल्या कीर्तीच्या कळसावर उभे राहून आपल्याच यंत्राची फजिती सांगणे हे थोर मनाचे लक्षण आहे. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, निर्बंध सैल झाला होता तो कारभाऱ्यांच्या स्वतःच्या सोयीसाठी. नियम इतरांना आणि सवलत आपल्याला, ही वृत्ती कारभारात कोठे नेते त्याचे हे पहिले मोठे उदाहरण.

शिक्का कोणाच्या हाती?

१९६९ साली अमेरिकेतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाच्या प्रणालीचा पाया घातला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या प्रणालींवर चालतात त्यांचे कूळ युनिक्सपर्यंत जाऊन पोहोचते. युनिक्समध्ये कारभाऱ्याला रूट असे नाव आहे. रूट म्हणजे मूळ. ह्या नावाने जो यंत्रात शिरेल त्याला कसलीही आडकाठी नाही. तो कोणाचीही फाइल वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुसूनही टाकू शकतो; आणि तशी आज्ञा मिळाली तर यंत्र शंका न घेता ती पार पाडते.

चारपाच माणसांच्या प्रयोगशाळेत हे ठीक होते. विद्यापीठांत आणि कंपन्यांत युनिक्स पसरू लागले तेव्हा अडचण दिसू लागली. छपाईयंत्राची रांग मोकळी करणे एवढेच ज्याचे काम, त्यालाही रूटचा गुप्त शब्द सांगावा लागे. म्हणजे शिपायाला दार उघडता यावे म्हणून खजिन्याच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला बांधण्यासारखेच ते होते. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर ह्यांनी सुडू नावाची एक छोटी युक्ती लिहिली. कोणी कोणती आज्ञा रूटच्या अधिकाराने द्यावी ह्याची एक यादी करावयाची आणि त्या यादीपुरताच अधिकार त्याला द्यावयाचा. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने यावे, कामापुरता शिक्का उचलावा आणि परत ठेवावा. आजच्या सुडूत कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली ह्याची नोंदही राहते. जुन्या दरबारांत शिक्का एकाच्या हाती आणि दप्तर दुसऱ्याच्या हाती ठेवण्यामागे जो विचार होता तोच येथे आहे.

नोंदीची दुसरी बाजूही ह्याच सुमारास घडत होती. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉककाइंड ह्यांनी १९७२ साली मजकुरातील प्रत्येक फेरफार तारीखवार जपून ठेवणारी एक पद्धत तयार केली. १९८२ साली वॉल्टर टिखी ह्यांनी तिची पुढची आवृत्ती म्हणावी अशी दुसरी पद्धत लिहिली. ह्या पद्धती आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी होत्या. पण कारभाऱ्यांनाही लवकरच उमगले की, यंत्राच्या मांडणीच्या फाइली अशा वहीत ठेवल्या तर काल यंत्र चालत होते आणि आज चालत नाही ह्या कोड्याचे उत्तर शोधता येते. मधल्या वेळात काय बदलले, ते वही उघडली की दिसते.

पाऊण डॉलरचा फरक

वहीचे महत्त्व पटविणारी सर्वांत मनोरंजक हकीकत १९८६ सालची आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. संशोधनाचा पैसा संपल्यामुळे त्यांना तेथल्याच गणकयंत्र विभागात काम देण्यात आले. यंत्र कोणी किती वेळ वापरले ह्याचा हिशेब तेथे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी ठेवला जाई आणि त्याप्रमाणे पैसे आकारले जात. त्या महिन्यात दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक पडला. पाऊण डॉलर!

हजारो डॉलरच्या उलाढालीत पाऊण डॉलर कोण मोजतो? एखाद्याने तो फरक किरकोळ खर्चात टाकून वही मिटली असती. स्टोल ह्यांनी ती मिटली नाही. शोध घेता घेता त्यांना आढळले की, एक अनोळखी मनुष्य यंत्रात शिरून रूटचा अधिकार बळकावून बसला आहे. त्यांनी त्याला लगेच हुसकावून लावले नाही. बाहेरून येणाऱ्या तारांवर छपाईयंत्रे जोडून त्याची प्रत्येक हालचाल कागदावर उतरवून घेतली, आणि प्रयोगशाळेत निरीक्षणे लिहावीत तशी रोजची तारीखवार नोंद ठेवली. महिनोन्‌महिने चाललेल्या ह्या पाठलागाचा माग शेवटी पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात निघाला. अमेरिकेच्या लष्करी यंत्रांतून माहिती काढून ती सोव्हिएट हेरखात्याला विकणाऱ्या तरुणांचे ते काम होते.

आपल्या जुन्या हिशेबनिसांना ही गोष्ट सांगितली असती तर त्यांना नवल वाटले नसते. रोजकीर्द आणि खतावणी ह्यांचा मेळ बसलाच पाहिजे, आणि एका पैचा फरक हा शंभर रुपयांच्या फरकाइतकाच गंभीर समजला पाहिजे, कारण फरकाची रक्कम कितीही लहान असली तरी तिच्यामागचे कारण किती मोठे आहे हे आधी कळत नाही, हे ते पिढ्यान्‌पिढ्या जाणून होते. गणकयंत्रांच्या कारभाऱ्यांना ते १९८६ साली नव्याने कळले.

कारागिरीची विद्या झाली

१९८७ साली फिलाडेल्फिया येथे अशा कारभाऱ्यांची एक छोटी परिषद भरली. तिच्या नावात मोठ्या यंत्रशाळांचा उल्लेख होता. आणि मोठी यंत्रशाळा म्हणजे काय, तर जेथे शंभरांहून अधिक लोक यंत्र वापरतात किंवा जेथे एका गिगाबाइटहून अधिक साठा आहे ती! आज आपल्या खिशातील फोन साठ्याच्या बाबतीत ह्या व्याख्येपेक्षा कितीतरी पुढे गेला आहे. त्या परिषदेत प्रथमच हे लोक एकमेकांना आपल्या युक्त्या आणि आपल्या अडचणी सांगू लागले. तोपर्यंत हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या कारागिरीसारखे होते. एक कारभारी नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर अर्धे ज्ञान दाराबाहेर जाई.

पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, एका विद्यार्थ्याने सोडलेली एक आज्ञावली यंत्रामागून यंत्रात आपोआप पसरत गेली आणि त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रे तिने जायबंदी केली. मॉरिस वर्म ह्या नावाने ती ओळखली जाते. अनेक कारभाऱ्यांनी भीतीने आपली यंत्रे जाळ्यातून तोडून टाकली, आणि त्यामुळे उपाय सापडला तेव्हा तो त्यांच्यापर्यंत पोहोचेना. कारण उपाय पाठवावयाचा तोही त्याच जाळ्यातून. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी एक कायमचे समन्वय केंद्र स्थापन झाले. संकटात कोणाला, कोणत्या मार्गाने कळवावयाचे हे आधी ठरलेले असावे आणि तो मार्ग संकटग्रस्त यंत्रांवर अवलंबून नसावा, हा नियम त्या आठवड्याने शिकविला.

१९८९ साली कोलोरॅडो विद्यापीठातील अध्यापिका एव्ही नेमेथ ह्यांनी दोन सहकाऱ्यांसह युनिक्सच्या कारभारावर एक पुस्तक लिहिले. नवे खाते कसे उघडावे, नक्कल कशी घ्यावी, नोंदी कोठे पाहाव्यात, अशा रोजच्या कामांचे ते पाठ्यपुस्तक होते. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कारभाऱ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. नेमेथबाईंना निवृत्तीनंतर समुद्रपर्यटनाचा छंद होता. जून २०१३ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या एका जुन्या शिडाच्या जहाजासह त्या समुद्रात नाहीशा झाल्या. त्यांचे पुस्तक मात्र अजून टेबलावर उघडे असते.

तिसरे पाऊल १९९३ साली नॉर्वेतील ऑस्लो येथे पडले. मार्क बर्जेस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. अनेक यंत्रे एकसारखी ठेवण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. तोपर्यंतची रीत अशी की, करावयाच्या कृतींची यादी लिहावयाची आणि ती प्रत्येक यंत्रावर क्रमाने पार पाडावयाची. बर्जेस ह्यांनी प्रश्न उलटा केला. कृती सांगण्याऐवजी शेवटी यंत्राची स्थिती कशी असावी ते लिहावे. प्रत्यक्ष स्थिती आणि लिहिलेली स्थिती ह्यांत जेवढा फरक असेल तेवढाच यंत्राने दुरुस्त करावा. घरातल्या उदाहरणाने हे चटकन पटेल. ‘हंड्यात चार घागरी पाणी ओत’ असे सांगितले आणि गड्याने ते दोनदा ऐकले तर पाणी स्वयंपाकघरभर होईल; दोन घागरी आधीच असल्या तरी तेच होईल. पण ‘हंडा काठोकाठ भरलेला असू दे’ असे सांगितले तर त्याने दहा वेळा येऊन पाहिले तरी बिघडत नाही. सीएफइंजिन नावाने प्रसिद्ध झालेल्या ह्या पद्धतीच्या वाटेने पुढे पपेट, शेफ, ॲन्सिबल अशी अनेक साधने आली. आज हजारो यंत्रांचा कारभार थोड्या माणसांना पेलतो तो मुख्यतः ह्या विचारामुळे.

आठवे यंत्र

साधने आली म्हणजे शिस्त आली असे मात्र होत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती. नाइट कॅपिटल ही तेथील मोठी दलाली पेढी. तिने त्यासाठी आपल्या आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली चढविण्याचे ठरविले. काम करणाऱ्याने ती सात यंत्रांवर चढविली आणि आठवे यंत्र राहून गेले. त्या आठव्या यंत्रात २००३ पासून वापरात नसलेली एक जुनी आज्ञावली तशीच पडून होती. आणि नव्या कामासाठी जी खूण वापरली होती तीच खूण पूर्वी त्या जुन्या आज्ञावलीला जागे करण्यासाठी असे.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि आठवे यंत्र जुन्या रीतीने खरेदीविक्रीचे हुकूम सोडू लागले. ग्राहकांच्या केवळ २१२ मागण्या होत्या. त्यांपोटी सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. काय होत आहे हे कळेना, तेव्हा घाईघाईने नवी आज्ञावलीच दोषी ठरवून ती उरलेल्या सात यंत्रांवरून काढून टाकण्यात आली. परिणाम असा झाला की, सातही यंत्रे आठव्यासारखी वागू लागली. पेढीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या पेढीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१३ साली ह्या प्रकरणाचा निर्णय दिला आणि एक कोटी वीस लाख डॉलर दंड केला. त्या निर्णयातील दोन गोष्टी मनन करण्यासारख्या आहेत. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रांनी चुकीची सूचना देणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठविले होते. पण असे संदेश तातडीचे समजावयाचे अशी रीतच नसल्यामुळे त्यांवर कोणी कृती केली नाही. दुसरी गोष्ट अशी की, एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी नियम त्या पेढीत नव्हता. आपल्याकडे तलाठ्याच्या नोंदीवर सर्कल इन्स्पेक्टरची सही लागते; बँकेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसरा तपासतो. एवढी साधी गोष्ट कोट्यवधींच्या उलाढालीच्या मुळाशी नव्हती.

नक्कल आणि रुजवात

आता सर्वांत जुन्या आणि सर्वांत उपेक्षित नियमाकडे वळू. दप्तराची नक्कल ठेवावी हे सांगावे लागत नाही. पण नक्कल मुळाशी ताडून पाहणे, ज्याला जुन्या कारकुनी भाषेत रुजवात घालणे म्हणत, ते कंटाळवाणे काम आहे, आणि कंटाळ्याची किंमत जबर पडते. १९९८ साली पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्राचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने चित्राचा फार मोठा भाग पुसला गेला. नकला काढल्या तर त्याही अपुऱ्या. चित्र वाचले ते एका वरिष्ठ तंत्रज्ञ महिलेमुळे. घरी तान्हे मूल असल्यामुळे त्या घरून काम करीत आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या यंत्रावर एक प्रत होती. व्यवस्थेने जे राखावयाचे ते एका योगायोगाने राखले.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या कंपनीत घडलेला प्रसंग तर ह्या विषयाचा पाठच म्हणता येईल. रात्री उशिरापर्यंत एक अभियंता यंत्रांतील बिघाडाशी झगडत होता. दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक जोडीचा. जोडीच्या सर्व्हरवरील माहिती पुसून तो नव्याने भरावयाचा होता. पुसण्याची आज्ञा त्याने दिली ती मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबविली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते.

कंपनीकडे नकलेच्या एक सोडून पाच व्यवस्था होत्या. त्या रात्री एकेक उघडून पाहिली तेव्हा एकही धड निघेना. रोजची नक्कल घेणारी आज्ञावली वेगळ्या आवृत्तीची असल्यामुळे केव्हाचीच अपयशी ठरत होती. अपयशाची सूचना ती ईमेलने पाठवीतही होती. परंतु त्या ईमेलवर आवश्यक ती ओळखखूण नसल्यामुळे टपालयंत्रणा ते दारातूनच परत पाठवी. नकला जेथे साठावयाच्या ती जागा रिकामी होती. अखेर एका निराळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर काम भागले. तरी त्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांची, ५,००० अभिप्रायांची आणि ७०० नव्या खात्यांची माहिती गेली ती गेलीच. ज्या नकलेवरून मूळ पुन्हा उभे करून पाहिलेले नाही ती नक्कल आहे असे समजू नये, हा धडा त्या रात्रीचा.

दोष कोणाचा?

ह्या साऱ्या हकीकतींत एक प्रश्न सारखा डोकावत राहतो. आज्ञा चुकली ती कोणाच्या तरी हातून. मग त्याला शासन का करू नये? आपल्या मनाची पहिली ओढ तीच असते, आणि ती अगदीच गैर आहे असे म्हणता येणार नाही. जेथे लबाडी किंवा बेपर्वाई आहे तेथे शासन हवेच. पण प्रामाणिक चुकीला शासन केले तर काय होते ते पाहिले पाहिजे.

गिटलॅबने त्या रात्री दुरुस्तीचे काम जगापुढे थेट प्रक्षेपित केले आणि पुढे सर्व कारणे तपशीलवार प्रसिद्ध केली. ज्याच्या हातून चूक झाली त्याला बळी दिले असते तर परत गेलेल्या ईमेलची गोष्ट कोणी सांगितलीच नसती. त्यानंतर चारच आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी २०१७ रोजी, ॲमेझॉनच्या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने आज्ञेतील एक तपशील चुकीचा दिला आणि थोडी यंत्रे काढावयाची ती फार अधिक निघाली. सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे बंद पडली. सेवेची स्थिती कळविणारा ॲमेझॉनचा फलकही त्याच साठ्यावर अवलंबून असल्याने तोदेखील बदलता येईना. १९८८ चा धडा हा असा पुन्हा गिरवावा लागला. कंपनीने जाहीर निवेदनात उपाय सांगितला तो असा : यंत्रे काढण्याचे ते साधनच बदलले, ते आता हळूहळू काढते, आणि किमान संख्येच्या खाली जाऊ देत नाही. म्हणजे ज्या चुकीने चार तास गेले ती चूक उद्या दुसऱ्या कोणी केली तरी तिचा परिणाम होणार नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढचा ठेच लपवून लंगडत चालला तर मागचा शहाणा व्हावा कसा? अपघातानंतरचा अहवाल निर्दोषभावाने लिहावा, माणसाचे नाव काढण्याऐवजी व्यवस्थेतील भोक शोधावे, ही रीत गेल्या वीस वर्षांत ह्या क्षेत्रात रुजली ती दयाळूपणामुळे नव्हे. तिच्यावाचून माहितीच मिळत नाही म्हणून रुजली. गूगल कंपनीत २००३ साली बेन ट्रेनर ह्यांच्या हाताखाली जो विभाग सुरू झाला त्याने आणखी एक नियम घालून घेतला : कारभाऱ्याचा निम्म्याहून अधिक वेळ रोजच्या सांभाळात जाऊ नये, उरलेला वेळ तो सांभाळ कमी कसा होईल ह्या कामात जावा. सदैव आग विझवीत बसणाऱ्याला घराची बांधणी सुधारावयास फुरसत कोठून मिळणार?

तरीही हा इतिहास सतत प्रगतीचा आहे असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. साधन जितके समर्थ तितकी त्याच्या हातून होणारी चूकही विशाल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेने त्यांचे सारे जाळे जगापासून तुटले. अशा आज्ञा तपासून रोखणारी यंत्रणा होती. तिच्यातच दोष निघाला. जवळजवळ सहा तास सेवा बंद राहिली, आणि दुरुस्तीस निघालेल्या माणसांना इमारतींत शिरणेही अवघड झाले. आरंभी उल्लेखिलेल्या २०२४ च्या घटनेत तर सदोष फाइल सुमारे ७८ मिनिटांतच मागे घेतली गेली होती. पण ती टप्पे न पाडता सर्वत्र गेलेली असल्यामुळे तेवढा वेळ पुरेसा झाला. पुढे कित्येक यंत्रांपाशी माणूस स्वतः जाऊन बसला तेव्हा ती चालू झाली. आधी थोड्या यंत्रांवर, मग अधिक, मग सर्वांवर, हा नियम त्या कंपनीने त्यानंतर ह्या फाइलींनाही लागू केला.

आपल्या घराजवळचे उदाहरणही आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. संकटासाठी दुसऱ्या ठिकाणी पर्यायी यंत्रशाळा सज्ज होती. मग कारभार तिकडे का हलविला नाही, असा प्रश्न सेबीने विचारला. पुढच्या महिन्यातच सेबीने नियम केला की, महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर केली पाहिजे. आणि २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, ह्या बाजाराने खास सत्र भरवून चालू व्यवहार मध्येच पर्यायी यंत्रशाळेवर नेऊन दाखविले. तालीम करून पाहिल्यावाचून पर्यायी यंत्रशाळा ही कागदावरचीच राहते, हे ह्या सत्राने मान्य केले.

येथवरच्या हकीकतींवरून आपण नागरिकांनी काय घ्यावे? आपल्यापैकी फारच थोडे जण ह्या यंत्रांचे कारभारी होतील. पण आपण बँकांचे सभासद आहोत, नगरपालिकेचे करदाते आहोत, रुग्णालयांचे आणि शाळांचे विश्वस्त आहोत. त्या त्या सभांतून आपण विचारू शकतो : नकलेवरून दप्तर पुन्हा उभे करून शेवटचे केव्हा पाहिले? महत्त्वाचा बदल करताना दुसरा माणूस तपासतो का, आणि तसा लेखी नियम आहे का? सारे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात तर नाही ना? गेल्या खेपेस बिघाड झाला त्याचा अहवाल आम्हाला वाचावयास मिळेल का? हे विचारावयास गणकयंत्राचे ज्ञान लागत नाही. सहकारी पतपेढीच्या वार्षिक सभेत हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला जे लागते तेवढेच लागते. आणि बिघाड झाल्यावर ‘कोणाला काढले?’ एवढेच विचारून आपण गप्प बसलो, तर काढलेल्या माणसाच्या खुर्चीवर नवा माणूस येऊन बसेल, आणि आठवे यंत्र जेथे होते तेथेच राहील.